म्हशींच्या टाकीत दोन गोण्या चुना

आता काय सांगू तुम्हाला, रागाच्या भरात माणूस किती गाढव होतो ते माझ्याकडून ऐका. चहा घ्या आधी, निवतोय.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. दिघाशी गावात माझ्या बारा म्हशी. गोठा धुतला की पाणी मागच्या टाकीत, आणि टाकी भरली की उतारानं थेट शेजारच्या काशिनाथदादाच्या भाजीत. त्यानं पंचायतीत अर्ज ठोकला. ग्रामसेवक नोटीस घेऊन दारात. "आठ दिवसांत पाणी साफ करा, नाहीतर गोठा बंद."

बंद? माझं अख्खं घर त्या म्हशींवर चालतं आणि हा बंद म्हणतो? टाळकंच सरकलं माझं.

तडक शहरात निजामपुऱ्यात गेलो. तिथे ओळखीच्या डाइंगच्या कारखान्यात कापड रंगवून उरलेलं पाणी चुना-तुरटीनं नितळ करतात, हे मी बघितलेलं. तिथला मास्टर म्हणाला, "भाऊ, ये रंग का पानी है, गोबर का नहीं. पहले एक बाल्टी में देख लो."

नोटीस मला आलेली आणि हा मला बादली शिकवतो! मी भट्टीच्या चुन्याच्या दोन गोण्या आणल्या आणि गोठ्यामागच्या टाकीत एकदम ओतल्या. वरून तुरटी.

टाकी खदखदायला लागली. शेणामुताच्या पाण्यात चुना पडला की अमोनिया सुटतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं, की आपले डोळे गेले. म्हशी दावी तोडून पळाल्या त्या सरळ काशिनाथदादाच्या अंगणात. बायको नाकाला पदर लावून त्यांच्यामागे, जाता जाता माझा उद्धार करत.

दोन दिवस वास हटेना. म्हशी परत यायला तयार नाहीत. शेण, मूत, सगळं दादाच्या अंगणात. पण टाकीतलं पाणी खरंच नितळ झालं होतं हो. मी बाटली भरली आणि भांडायच्या तयारीनंच पंचायतीत गेलो. दादा आधीच तिथं बसलेला, डोळे लालभडक.

"बघ दादा," मी बाटली आपटली. "आता घे तुझा अर्ज मागे."

"घेतला," तो म्हणाला. "म्हशींचा तरास न्हाय मना. राहू दे त्यांना माज्याकडं."

मी ग्रामसेवकाकडे विजयी मुद्रेनं बघितलं. त्यानं गुपचूप दुसरा कागद माझ्यापुढे सरकवला. दादानं म्हशींविरुद्धचा अर्ज मागे घेऊन, माझ्या एकट्याविरुद्ध नवा दिला होता. खाली साक्षीदार म्हणून सही माझ्या बायकोची.