मागून हाक मारू नये

मार्गशीर्षातल्या कोवळ्या उन्हाला पनवेलमध्ये वालाच्या ओल्या शेंगांचा वास असतो, किंचित उग्र, मातकट, आणि त्यात मिसळलेला असतो पोपटीसाठी, म्हणजे मडक्यात शेंगा भाजण्यासाठी, बांधावरून खुडून आणलेल्या भांबुर्डीच्या पाल्याचा दरवळ. तो वास आला की मला माझ्या सासूबाई, माई, दिसतात: खांद्याला कापडी पिशवी, अंगावर करडी शाल, आणि खांदा कॉलनीतल्या आमच्या इमारतीच्या कठड्यावरून अलगद सरकणारा त्यांचा सुरकुतलेला हात.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षं. माईंचा एक नेम होता: घराबाहेर पडलेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, अपशकुन होतो. मी शाळेत विज्ञान शिकवणारी. घाईत डबा विसरून निघाले की माई दोन मजले उतरून, मला वळसा घालून समोर उभ्या राहायच्या आणि धापा टाकत डबा हातात द्यायच्या. "अहो माई, हाक मारायची ना! एवढ्या खाली कशाला आलात?" असं म्हणून मी हसायची आणि शिक्षकांच्या खोलीत तो किस्सा मीठमिरची लावून सांगायची. शहाणपणाचा तोरा, दुसरं काय!

पुढे माईंचं ऐकू येणं ओसरत गेलं आणि त्याच्या मागोमाग तोलही. डॉक्टर म्हणाले, ऐकणं आणि तोल सांभाळणं ही दोन्ही कामं कानाच्या आत शेजारीशेजारी चालतात. आता यांची सगळी भिस्त डोळ्यांवर आणि तळपायांवर. आम्ही घरातल्या सतरंज्या उचलल्या, जिन्यात दिवा लावून घेतला, चपलांऐवजी पकड असलेले कापडी बूट आणले. तरी माई पडल्याच. एकदा स्वयंपाकघरात, मनगट मोडलं. एकदा जिन्यात, नशीब बलवत्तर म्हणून दोनच पायऱ्यांवर निभावलं. त्या दिवशी माझा नवरा, सुधीर, पांढराफटक पडून म्हणाला, "बस झालं. आजपासून माई एकटी खाली जाणार नाही."

माई भांडल्या नाहीत. कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या हिराबाईच्या टोपलीपर्यंतची ती सकाळची फेरी म्हणजे दिवसातला त्यांचा एकमेव स्वतःचा तास. तो गेला, आणि पिशवी खुंटीवर लोंबकळत राहिली. त्या गॅलरीत बसून रस्त्याकडे बघायच्या, अर्धी पोळी ताटात टाकून उठायच्या. मला ते बघवत नव्हतं.

आठवड्याभराने हिराबाईच शेंगा घेऊन दारात उभी राहिली. माई दाराजवळच, आम्हा दोघींकडे पाठ करून उभ्या. मी आपली सवयीने स्वयंपाकघरातून ओरडले, "माई, हिराबाई आल्यात!" माझा आवाज म्हणजे वर्गातला, खणखणीत. माई गर्रकन वळल्या, डोलल्या आणि कोसळणार तोच हिराबाईने शेंगा टाकून त्यांना दोन्ही दंडांना धरलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काय वं बाय, मास्तरीण ना तुमी? मागसून कशाला वरडता? माझ्याकडं कवा पडल्या नाय त्या. आमी फुडं येतो, हाताला हात लावतो, मंग बोलतो. येवढंच हाय."

मला त्या दोन्ही वेळा आठवल्या. स्वयंपाकघरात माई पडल्या तेव्हा त्यांच्या हातात गरम पातेलं बघून "माई, जपून!" असं मी ओरडले होते. जिन्यात "थांब, मी येतो" असं सुधीर दारातून ओरडला होता. आवाज त्यांच्या कानावर पडायचा, पण कुठून आला ते उमगायचं नाही, म्हणून त्या झटक्याने वळायच्या आणि भोवतालचं जग त्यांच्यासकट गरगरायचं. आमच्या काळजीनेच त्यांना दोनदा पाडलं होतं. मी तोंडात पदर धरून रडले.

सुधीरला पटवायला चार दिवस लागले. पाचव्या सकाळी माई बूट घालून खाली उतरल्या आणि आम्ही दोघं गॅलरीत श्वास रोखून उभे राहिलो. कोवळं ऊन, शेंगांचा वास, आणि नळासाठी नुकत्याच खणलेल्या चराच्या कडेकडेने जाणारी ती करडी शाल. सहज मागे पाहिलं तर टेबलावर माईंचा चष्मा! बुटांच्या नाड्या बांधताना काढून ठेवलेला. सुधीरने तोंड उघडलं. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला, स्वतःच्या घशाशी आलेली हाक गिळली आणि चष्मा उचलून अनवाणी धावत सुटले. दोन मजले, फाटक, रस्ता. तिथे मात्र पावलं आवरली, लांबून वळसा घातला, माईंच्या समोर आले आणि त्यांच्या हातावर हात ठेवला.

माई थांबल्या. माझे धुळीने माखलेले पाय, विस्कटलेले केस, धपापणारा ऊर, सगळं त्यांनी सावकाश न्याहाळलं. चष्मा डोळ्यांवर चढवला. मग ओठांच्या कोपऱ्यातून हसत म्हणाल्या,

"अगं, हाक मारायची ना! एवढी खाली कशाला आलीस?"