भिंतीवरची शिडी

ओल्या चुन्याचा तो थंड, किंचित तिखट वास! भिवंडीतल्या आमच्या घरात तो दरवळला की सणाची चाहूल लागायची. मागच्या अंगणाच्या भिंतीला मात्र चुना कधी लागला नाही. ती काळीच राहिली, आणि त्या काजळीत एका शिडीची फिकट आकृती उभी असे.

शहरात दंगल पेटली तेव्हा मी चौथीत होते. भर दुपारी आमचं घर पुढच्या बाजूनं पेटलं. मागचं अंगण चहूबाजूंनी बंद! तेवढ्यात भिंतीपलीकडच्या सकीनाखालांनी आपल्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याच्या गच्चीवरून लोखंडी शिडी खाली सोडली. "पहले बच्चों को चढ़ाओ, भाभी!" तो आवाज अजून माझ्या कानांत आहे. आम्ही वाचलो. धुरानं भिंत काळवंडली. भिंतीला चिकटलेल्या शिडीमागे मात्र तेवढीच जागा उजळ राहिली.

परक्या सैन्यानं उद्ध्वस्त केलेल्या नगरांना निदान शत्रूचं नाव ठाऊक असतं. स्वतःशीच युद्ध केलेल्या शहरानं कुणाकडे बोट दाखवायचं? म्हणूनच की काय, आमच्या गावानं घाईघाईनं रंग दिले, मजले चढवले. आता लूमच्या खडखडाटात आणि ट्रकांच्या वर्दळीत जुनं काही दिसत नाही. उरली होती ती आमची भिंत.

यंदा धाकट्या भावाचं लग्न ठरलं. काल्हेरच्या गोदामात नोकरी करणारा, हातात नवा मोबाईल मिरवणारा हा बाबा हट्टालाच पेटला. "आई, नव्या सुनेनं या जळक्या भिंतीखाली धुणं वाळत घालायचं का? या खेपेला रंगवायचीच."

आईच्या तोंडचं पाणी पळालं. "उपकार पुसून टाकल्यासारखं होईल गं," ती मला म्हणाली. "खालांना काय वाटेल?"

शेवटी तिनंच भीतभीत भिंतीवरून खालांना विचारलं. खाला खळखळून हसल्या. "अरे भाभी, शादी का घर है, लगाओ चूना! सीढ़ी तो अपने पासच है." आणि रंगाऱ्यासाठी त्यांनी तीच शिडी पुन्हा खाली सोडली.

शिडी नेमकी आपल्या जुन्या खुणेवर टेकली. रंगारी चढला तशी आई पुढे झाली आणि दोन्ही हातांनी तिनं शिडी धरली. वरून खालांनी धरलीच होती. शिडीच्या दोन्ही बाजूंची भिंत हळूहळू पांढरी झाली, चुन्याचा वास अंगणभर पसरला. आता शिडीमागची तेवढी जागा राहिली होती. शिडी हलवल्याशिवाय तिथं हात पोचणार नव्हता, आणि आई काही शिडी सोडीना.