देवमाणसाची खाट

कुसुमताई वानखडे प्रत्येक गोष्टीला तिच्या नावानंच हाक मारत. आमच्या अमरावतीच्या कन्याशाळेत प्रजननाचा धडा आला की आधीचे विज्ञानशिक्षक "हा घरी वाचून या" म्हणत. ताई तो फळ्यावर आकृत्या काढून शिकवत. मी मराठीची. शृंगाराचं कडवं आलं की "वृत्त ओळखा" म्हणून पुढे सरकणारी. आमची मैत्री कशी जमली, देव जाणे.

पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांना गाठ निघाली. भर स्टाफरूममध्ये त्या म्हणाल्या, "मले स्तनाचा कॅन्सर झाला. डावा स्तन काढून रायले." उपमुख्याध्यापक घाईघाईनं उठले आणि त्यांनी पंख्याचं बटण दाबलं. पंखा आधीच सुरू होता, तो बंद पडला. त्यानंतर सबंध शाळेत या आजाराला 'छातीचा त्रास' म्हणायचं असं न बोलता ठरलं. आमच्या पाटणकरबाई तर नुसतंच 'ते' म्हणत.

ऑपरेशन अकोल्याला झालं, मग केमो, मग रेडिएशनचे शेक, मग रोजच्या गोळ्या. बडनेऱ्याच्या घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. केस कधी येतील, पपई चालते का, शाळेत कधी रुजू होणार, सगळं विचारून झालं. नवऱ्याचं विचारायची कोणाला गरजच पडली नाही. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी मुलाची, म्हणजे भाऊरावांची, खाट बैठकीत आणून टाकली होती आणि आल्यागेल्याला त्या ती देवळातल्या मूर्तीसारखी दाखवत. "आठ महिने झाले बाप्पा, माया पोरानं तिले बोट नाई लावलं." बायका म्हणत, देवमाणूस आहे हो. रेल्वेच्या पार्सल कचेरीत कारकून असलेले भाऊराव मान खाली घालून चहाचे कप गोळा करत.

"देवमाणूस झाला, हेच तं वांधे झाले," ताई मला म्हणाल्या. "मले नवरा पायजे. मी आंघोळीहून निघाली का थो तोंडासमोर पेपर धरते. मले वाटते, याले माई किळस येऊन रायली." आणि त्या रडायला लागल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "जीव वाचला, हेच खूप नाही का?" या वाक्याची मला आजही लाज वाटते.

"वाचवला कायच्यासाठी मंग?" ताईंनी डोळे पुसले. "कपाटात ठेवाले?"

पुढच्या तपासणीला मी त्यांच्यासोबत अकोल्याला गेले. डॉक्टरांनी हाताची सूज पाहिली, भूक विचारली, झोप विचारली. आणखी काही त्रास? "आहे ना. गोळ्या सुरू झाल्यापासून आतून कोरडं पडते. नवऱ्याजवळ जायच्या नुसत्या विचारानं आंग आखडते. इच्छाच मरून गेल्यासारखी झाली. याच्यावर काय देता?"

डॉक्टर फाइलीत शिरले ते बाहेर येईनात. शेवटी म्हणाले, "आता या वयात... प्राणायाम करत जा."

"तुमचं वय काय, डॉक्टरसाहेब?"

"बावन्न."

"मंग तुमी घरी प्राणायामच करता का?"

तिथल्या ज्युनिअर डॉक्टरीणबाई हसू दाबत आम्हाला बाहेर घेऊन गेल्या. त्यांनी नीट समजावलं. हे पुष्कळ जणींना होतं, पण म्हणून गोळ्या परस्पर बंद करायच्या नाहीत, हार्मोन नसलेली जेली मिळते, घाई करायची नाही, आणि नवऱ्याशी बोलायचं. जेलीचं नाव त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं.

चिठ्ठी भाऊरावांकडे गेली. बडनेऱ्यातला औषधवाला ओळखीचा, त्यात दुकानात गर्दी. भाऊरावांनी चिठ्ठी खिशातच ठेवली आणि हळूच सांगितलं, "दुखते तिथं लावाचं मलम द्या." त्यानं सांधेदुखीचं दिलं. ताईंनी ट्यूब वाचली आणि खाली बसून हसल्या. "हे लावलं असतं तं मी दुसऱ्याच वार्डात भरती झाली असती!" भाऊरावही हसायला लागले, आणि त्या हसण्यात त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मले भेव वाटते व. माया हातानं काही उसवलं तं?"

किळस नव्हती, भीती होती. आठ महिने दोघं एका भिंतीच्या दोन बाजूंना तळमळत होते आणि जग आरती ओवाळत होतं. ताईंनी त्यांचा हात धरून व्रणावर ठेवला. "पाय बरं, उसवलं काही?" हे सगळं त्यांनीच मला सांगितलं, मधल्या सुट्टीत, डबा खाता खाता. मी आधी उठून दार लोटलं.

त्या रविवारी मी आणि पाटणकरबाई त्यांच्याकडे बसलो होतो. भाऊराव आले आणि खाट आत ओढू लागले. सासूबाई म्हणाल्या, "काहून नेऊन रायला रे?"

"झोपाले," भाऊराव म्हणाले.

खाट दारात अडकली. शेवटी पाटणकरबाईंनाच उठून एक पाय धरावा लागला.

सगळं पहिल्यासारखं झालं, असं नाही. "पयल्यासारखं नाई," ताई म्हणत, "पण आमचं हाय." चार वर्षांनी आजार हाडांत उतरला आणि ताई गेल्या. तेरवीला जो तो भाऊरावांना सांगत होता, तुम्ही केली तशी सेवा कोणी करणार नाही. ते ऐकून घेत होते. मी निघाले तेव्हा फाटकापर्यंत आले.

"सेवा तं नर्सनंही केली, बाई," ते म्हणाले. "मी तिच्याजवळ झोपत होतो."