हिरुबाईंचा शेरा

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. एकाच टेबलावर वर्षानुवर्षं चहा प्यायला की ते आपोआप साठतात. ऐंशीच्या दशकात बोईसरच्या एका कारखान्यात मी टायपिस्ट होतो. आमच्या टेबलावरचे निम्मे किस्से पॅकिंगमधल्या हिरुबाईंचे. बाई जवळच्याच दांडी या किनाऱ्यावरच्या गावच्या, आधी आईबरोबर बाजारात मासळी विकलेल्या. हॉलच्या एका टोकाला त्या बोलल्या की दुसऱ्या टोकाला काम व्हायचं.

दर मार्चला मॅनेजरसाहेब प्रत्येकाच्या स्वभावावर एक शेरा लिहीत. मी तो टाइप करायचो. मग तो वाचून दाखवून त्या माणसाची सही घ्यायची, असा नियम होता. हिरुबाईंचा पहिला शेरा होता, 'आवाज फार मोठा.' साहेब सारवासारव करायच्या तयारीत बसले होते. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"खरं हाय. सही कुटं करू?"

*

दुसऱ्या वर्षी तोच शेरा. या वेळी साहेबांनी समजावलंही, "हिरुबाई, बाईमाणसानं जरा हळू बोलावं."

"घराच्या मागं दर्या हाय, साहेब. तो हळू बोलला की मी पण बोलन."

सही केली आणि गेल्या. साहेबांनी पंखा वाढवला.

*

लॅबमध्ये नवीन आलेल्या केमिस्ट मुलीने एकदा बिचकत विचारलं, "तुम्ही माझ्यावर रागावलात का?"

"नाय गो बाय. रागावली की मी गप बसते."

ही बातमी कॅन्टीनपर्यंत गेली. पुढच्याच आठवड्यात बाई चहा पिताना काही बोलल्या नाहीत, तर कॅन्टीनवाल्याने कुणी न सांगता नवा चहा टाकला.

*

मग पॅकिंगच्या सुपरवायझरची जागा निघाली. बाईंना ती हवी होती. हे त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं, तेव्हाच किती हवी आहे ते कळलं. त्यांच्या फाइलमध्ये तीन वर्षं एकच शेरा होता आणि तो माझ्याच हातचा. मला फार वाईट वाटलं.

मुलाखत घ्यायला मुंबईहून मोठे साहेब येणार होते. मॅनेजरसाहेबांनी बाईंना आधीच बजावलं, "त्यांच्यासमोर तरी आवाज खाली ठेवा."

बाईंनी ठेवला. बाहेर मशीनं धडधडत होती. टिपणं घ्यायला मी शेजारीच बसलो होतो, तरी मला एक शब्द कळेना. मोठे साहेब टेबलावर पुढे पुढे झुकत गेले. शेवटी त्यांनी फाइल उघडली.

"इथं लिहिलंय, आवाज फार मोठा. मला तर काहीच ऐकू येत नाही. जरा मोठ्यानं बोला."

बाईंनी मॅनेजरसाहेबांकडे पाहिलं.

"बोलू, साहेब? परत लिवणार नाय ना?"

मॅनेजरसाहेब म्हणाले, "बोला."

बाई बोलल्या. काचेपलीकडच्या हॉलमध्ये, मशीनं चालू असताना, सगळ्या मुलींनी माना वर केल्या.

नेमणुकीच्या कागदावर 'कारण' असा एक रकाना होता. त्यात काय टाइप करू, असं मी विचारलं.

मोठे साहेब म्हणाले, "शेरा आहे तोच टाका."