व्हॉल्व्हमामांचा कान

आमच्या कामगार सभागृहातला अँप्लिफायर चाळीस वर्षांचा, व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा. तापल्याशिवाय तोंड उघडायचा नाही. त्याचं सगळं करायचे व्हॉल्व्हमामा. मीटरवर त्यांचा भरवसा नव्हता. "मीटर गाणं ऐकतो का?" म्हणायचे आणि कानानेच जुळवायचे. मीही रस्त्यावर शिकलेला युनियनचा पुढारी. कागदाआधी कान मानणारा हा माणूस मला आपला वाटायचा.

यंदा कमिटीने नवा घ्यायचं ठरवलं. मामांची लेक नव्या अँप्लिफायरच्या दुकानात कामाला. तिनेच एक छोटासा आणून दाखवला. मामा भडकले. "ह्या डबीत आवाज मावतो होय? दोन महिने द्या. जुना असा सुधारून देतो, की डबीला लाज वाटेल." मी कमिटीशी भांडून मुदत मिळवली. हरले तर मामांचं दुरुस्तीचं दुकानच बंद होणार होतं. दुसरं गिऱ्हाईक उरलंच नव्हतं.

ठरल्या दिवशी आधी नवा वाजला. खोट काढायची म्हटलं तरी मला सापडेना. मग मामांनी आपला लावला. नवे कपॅसिटर, नव्या वायरी, कथलाचा एकेक डाग मोत्यासारखा. गाणं सुरू झालं आणि पत्र्यावर खिळा ओढावा तसं कानात घुसलं. मागच्या रांगेतले उठून बाहेर गेले. मामा मात्र हरखून माझ्याकडे बघत होते.

"ऐकलंस का, पुढाऱ्या? कसं मोकळं वाजतंय!"

साहेबांच्या टेबलावर मूठ आपटणारा मी. म्हणालो, "व्वा, मामा!"

तेवढ्यात त्यांना लेक दिसली. तिचे तळवे कानांवर होते. तिने ते झटकन खाली घेतले, पण उशीर झाला होता.

मामा तिच्या चेहऱ्यावर नजर ठेवून उंच सुरांचं, ट्रेबलचं बटण मागे फिरवू लागले.

"आता?"

"अजून थोडं, बाबा."

"आता?"

तिच्या कपाळावरची आठी गेली तिथे ते थांबले. गाणं असं गोड झालं, की बाहेर गेलेले दारात येऊन उभे राहिले. नव्यात ही जान नव्हतीच.

"इथं?" मामा म्हणाले. "इथं तर मला शब्दच कळत नाहीत."

"मामा, तुम्ही जिंकलात!" मी ओरडलो. "आईशप्पथ, नव्यापेक्षा भारी!"

"कुणास ठाऊक," मामा म्हणाले. "मघाशीही तू व्वाच म्हणालास."

त्यांनी बटण बंद केलं. व्हॉल्व्ह निवेपर्यंत पेटीवर तळहात ठेवून उभे राहिले. मग लेकीला म्हणाले, "तुझा नवाच जोड, बाळा."