मंगलाष्टकांमधली गादी

उभ्या वऱ्हाडात जाहिराती बघण्यासाठी टीव्ही लावणारा आणि मालिका सुरू झाली की पाणी प्यायला उठणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला. लोकांच्या सासऱ्यांना पत्त्यांचा नाद असतो, राजकारणाचा असतो, फार तर जावयाच्या पगाराची चौकशी करण्याचा असतो. आमच्या सासऱ्यांना जाहिरातींचा होता. साबणाची असो, चहाची असो, बोअरवेलच्या मोटरपंपाची असो, जाहिरात लागली की ते स्वयंपाकघराकडे तोंड करून "अवं, चालली, चालली!" असं ओरडत आणि सासूबाई पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर येत. जाहिरात संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, जागचं हलायचं नाही, असा त्या घरातला दंडक होता. मी एकदा चुकून उठलो तर मला हात धरून खाली बसवलं. "जवाईबापू, तो बिचारा पैशे भरून आपल्याले दोन शब्द सांगून राहिला, आन् आपन उठून जाचं? हे काय मानूसपन झालं?" मी मुकाट्याने बसलो आणि केसांच्या तेलाची माहिती शेवटपर्यंत ऐकून घेतली. माझ्या डोक्यावर तेव्हाही फारसं काही नव्हतं.

या नादामागे एक कारण होतं. अमरावतीत भर बाजाररस्त्यावर त्यांचं कापसाच्या गाद्या आणि रजयांचं दुकान होतं. पुढे ते गल्ल्यावर बसायचे आणि मागे रहीमभाई कापूस पिंजायचे. दोघांनी तरुणपणी मिळून दुकान उघडलेलं. रहीमभाई तेव्हा खांद्यावर पिंजण टाकून दारोदार फिरत, आणि सासरे त्यांच्यामागून रस्ताभर "गाद्या भराऽऽ" ओरडत चालत. पुढे फोमच्या गाद्या आल्या. टीव्हीवर एक नटी फोमच्या गादीवर उड्या मारायला लागली, तेव्हा जाहिरातीचा मान राखून सासऱ्यांनी ती पूर्ण पाहिली आणि मग विचारलं, "या बाईले झोप येत नाही काय? उड्या काहून मारून राहिली?" पण लोकांना त्या उड्या आवडल्या. त्यात ते दिवसच वाईट होते. कापसाला भाव नाही, खेड्यापाड्यांतून रोज कुठली तरी वाईट बातमी यायची, बाजार दुपारीच ओस पडायचा, आणि लग्नं मोडत नसली तरी लांबत होती. फोमच्या एका व्यापाऱ्याचा या दुकानाच्या जागेवर डोळा होता. सासूबाईंसकट सगळे म्हणत होते, देऊन टाका, घरी आरामात बसा. सासऱ्यांचा एकच प्रश्न होता, "मी घरी बसन. पन त्या फोमवाल्याच्या दुकानात रहीमभाई काय पिंजन?" शेवटी असं ठरलं की एक लग्नसराई बघायची. तेवढ्यात कापसाची गादी पुन्हा चालली तर ठीक, नाहीतर किल्ली फोमवाल्याला. आणि गादी चालवायची तर उडी मारणाऱ्या बाईला तिच्याच मैदानात गाठायचं, म्हणजे आपलीही हलती-बोलती जाहिरात काढायची, असं त्यांच्या मनाने घेतलं. आता प्रश्न एवढाच उरला की ती दाखवायची कुठे.

माझं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, याच सुमारास झाला. साक्षगंधानंतर होणारा जावई अकोल्याहून अमरावतीला का जातो हे मी सांगायला नको. सासऱ्यांना मात्र ते सांगूनही कळलं नसतं. मी पावडर लावून दारात उभा राहिलो रे राहिलो की ते चपला घालून तयार. "चाला जवाईबापू, टॉकीजात." त्यांची लेक पडद्याआडून हसत राहायची आणि मी तिच्या बापाबरोबर सिनेमाला जायचो. सिनेमा सुरू होण्याआधी गावातल्या दुकानांच्या जाहिराती दाखवत, त्यासाठी ही वारी. ते पहिल्या रांगेचं तिकीट काढत आणि खुर्चीवर उलटे, म्हणजे पडद्याकडे पाठ करून, गुडघ्यांवर बसत. त्यांना जाहिरात बघायचीच नव्हती, जाहिरात बघणारे बघायचे होते. मागचे लोक बिचकत. एका बाईने तर नवऱ्याला सांगून जागा बदलून घेतली. एकदा बरोबर आलेले रहीमभाई कावून म्हणाले, "भाऊ, आदमी देखो नहीं तो पिक्चर देखो, पर सीधे तो बैठो!" चार-पाच टॉकीजा अशा पालथ्या घातल्यावर निकाल लागला. जाहिराती चालू असताना लोक अंधारात आपली खुर्ची शोधत असतात, नाहीतर बाहेर शेंगदाणे घेत असतात. "ह्या जाहिराती फक्त खुर्च्या पाहून राहिल्या," ते म्हणाले. "आन् खुर्च्याइले गादी कायले पायजे?"

मग केबलची पाळी आली. गावच्या केबलवाल्याने त्यांना रोज संध्याकाळची, सगळी मंडळी घरात असण्याची वेळ इतक्या स्वस्तात देऊ केली की हे हुरळून गेले. मला अकोल्याला फोन करून ओरडून सांगितलं, "जवाईबापू, लॉटरी लागली!" दुसऱ्या दिवशी नमुन्याची एक ओळ पडद्याच्या तळाशी फिरणार होती, ती बघायला घरात शेजारपाजारचे जमवले, सासूबाईंनी सगळ्यांसाठी भजी तळली, आणि नेमकी वेळ झाली तशी वीज गेली. मग कळलं की त्या भागाचं भारनियमन रोज त्याच वेळेला असतं. वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही वीज कधी जाते ते पाठ होतं, पण यांना उत्साहाच्या भरात आठवलं नाही. मेणबत्तीच्या उजेडात भजी संपली. अंधारात ते केबलवाल्यावर चिडले नाहीत. म्हणाले, "त्याची काय चूक? त्यानं वेळ विकली, लाइट थोडी विकली?"

तिसरा प्रयोग व्हिडिओच्या गाडीचा. मोठा पडदा लावलेली एक मोटार खेड्यांतून जाहिराती दाखवत फिरायची. सासरे हौसेने ड्रायव्हरशेजारी बसून अंजनगाव सुर्जीकडे निघाले, जाताना मला हात केला तो एखादा मंत्री दौऱ्यावर निघाल्यासारखा. परत आले ते मात्र एसटीने. एका गावात पारापाशी गाडी थांबली, गाणं लागलं, पडदा उजळला आणि कुणीच आलं नाही. चौकशी केली तर पलीकडच्या गल्लीत आदल्याच दिवशी एका तरुण माणसाने जिवाचं बरंवाईट करून घेतलं होतं. सासऱ्यांनी स्वतः उतरून गाणं बंद केलं आणि त्या घरी जाऊन ओसरीवर लोकांत बसून राहिले. गाडीवाला वैतागून म्हणाला की पुढची गावं राहिली आहेत. हे म्हणाले, "तू जाय बापा. मी येष्टीनं येतो." त्या गाडीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मला त्या दिवशी हा माणूस फार आवडला, आणि सासरा म्हणून मिळतो आहे याचा पहिल्यांदाच मनापासून आनंद झाला.

लग्नसराई तोंडावर आली. सगळ्या वाटा बंद झाल्या असं आम्ही समजलो, आणि एके दिवशी भर दुपारी ते अकोल्याला माझ्या ऑफिसात घामाघूम होऊन हजर झाले. बसायलाही तयार नाहीत. "सापडलं!" म्हणाले. माझे साहेब केबिनमधून बाहेर आले. "जवाईबापू, अशी एक पिक्चर सांगा जे लोक पहिल्यापासून शेवटपर्यंत पायतात, मधात उठत नाहीत, लाइट गेली तर पुन्हा लावून पायतात, शेजाऱ्याले बलावून पायतात!" मी दोन-तीन नावं घेतली, ती त्यांनी हातानेच उडवून लावली. "लग्नाची कॅसेट!" ते टेबलावर हात आपटून म्हणाले. "आन् ते कॅसेट सगळ्यात बारीक नजरेनं कोन पायते? ज्याच्या घरी पुढचं लग्न हाय तो! अन् लग्नात काय देतेत? गादी!" साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. खरं सांगतो, इतकी बिनतोड गोष्ट मी त्या ऑफिसात कधीच ऐकली नव्हती. फक्त सुरुवात कुणाच्या लग्नापासून करायची हे मी त्यांना विचारलं नाही, आणि त्यांनीही मला सांगितलं नाही.

आमच्या लग्नात वधुपिता कॅमेऱ्याच्या मागे होता. अगदी शब्दशः मागे. व्हिडिओवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून ते दिवसभर त्याला फिरवत होते. "इकडे मार, इकडे. आता जेवनाची पंगत घे. त्या म्हातारीले घे, तिच्या घरी दोन पोरी लग्नाच्या हाय." कन्यादानाला भटजींनी तीनदा हाका मारल्यावर आले, पाणी सोडलं, आणि तेवढ्यात कॅसेट बदलायची म्हणून व्हिडिओवाला थांबलेला. पाठवणीच्या वेळी सगळं गाव रडत होतं आणि हे कॅमेऱ्यामागून त्याला कानात काहीतरी सांगत होते.

कॅसेट आली ती थेट अकोल्याला आमच्या घरी. भाड्याने व्हीसीआर आणला, सतरंज्या अंथरल्या, अर्धी गल्ली जमली. बायका म्हणाल्या, नवरी सारखी कॅमेऱ्याकडे काहून पाहून राहिली, हिरोइन व्हायचं होतं काय? बायको ओशाळली. मग अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं सुरू झाली, भटजींनी सूर लावला, आणि एकदम पडद्यावर आली गादी. लाल फुलांची, गुबगुबीत. गादीवर माझे सासरे टेकून बसलेले. ते म्हणाले, "राम राम मंडळी. कापसाची गादी बसून पाहा, झोपून पाहा, मंग—" आणि दाखवण्यासाठी आडवे झाले. नंतर काही बोलेनात. आम्ही वाट बघतोय. तोंड थोडं उघडं पडलं, आणि बारीक घोरणं ऐकू यायला लागलं. आई घाबरून उठली, "अवो माय, सोयऱ्याले काय झालं?" काही झालं नव्हतं. ते झोपले होते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुकानात हे चित्रण झालं. महिनाभर धावपळ झालेली, लेक आदल्या दिवशी सासरी गेलेली, आणि पाठ टेकली ती रहीमभाईंनी स्वतः पिंजून भरलेल्या गादीला. व्हिडिओवाल्याला वाटलं असंच ठरलंय, तो घेत राहिला. मग एका बाजूने रहीमभाई आले, रजई झटकली, अलगद त्यांच्या अंगावर घातली, पायांकडून खोचली, कॅमेऱ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं आणि दिवा बंद केला. पडदा काळा झाला, आणि "सावधान!" म्हणत लग्न पुढे सुरू झालं.

आमच्या घरात असं हसू फुटलं की कॅसेट मागे घेऊन पुन्हा लावावी लागली. सासऱ्यांना कळलं तेव्हा मात्र ते डोक्याला हात लावून बसले. "दुकानाचं नाव बी नाही सांगतलं! जाहिरातच नाही झाली, फक्त झोपलो!" फोमवाल्याला निरोप पाठवायला निघालेच होते. पण त्याआधी आमच्या गल्लीतल्या एका मावशी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "ते झोपले होते ना तुमचे सासरे, तसली गादी मले पायजे. माह्या पोरीच्या लग्नात देतो." मग त्यांची जाऊ आली. व्हिडिओवाल्याकडे लोक मागायला लागले की आमच्याही कॅसेटमध्ये ते झोपलेले काका टाका, आणि त्याने ते धामणगाव रेल्वेपासून अंजनगावपर्यंतच्या लग्नांत टाकले. उड्या मारणाऱ्या बाईवर लोकांचा विश्वास होता की नाही कोण जाणे, घोरणाऱ्या माणसावर बसला. लग्नसराई संपायच्या आत रहीमभाईंना कापूस पुरेना, आणि फोमवाल्याने जागा दुसरीकडे बघितली. गिऱ्हाईकं दुकानात येऊन सासऱ्यांकडे निरखून बघत आणि जरा नाराज होत म्हणत, "हेच काय? जागे हाय?" काहीजण झोपून दाखवा म्हणून आग्रह करत. सासरे आडवे होत, पण त्यांना पुन्हा तशी झोप कधी लागली नाही.

पुढची कितीतरी वर्षं ते दुकान चाललं. मोबाइल आले तेव्हा नातीच्या फोनवर जाहिरातीखाली 'स्किप' असं लिहून आलेलं बघून ते खरोखर दुखावले. "म्हंजे मधातच त्याचं तोंड दाबाचं?" नात त्यांच्यासमोर कधी स्किप करत नसे.

आता ते नाहीत. रहीमभाई त्यांच्या आधी गेले. मागच्या महिन्यात आम्ही ती जुनी कॅसेट खराब व्हायच्या आत कम्प्युटरवर उतरवून घ्यायला एका दुकानात नेली. दुकानदाराने सगळी चालवून पाहिली, आम्हीही बघत बसलो. ती गादी सोडली तर तीन तासांच्या त्या लग्नात सासरे कुठेच नाहीत. एकदा माझ्या मुंडावळ्या सरळ करणारा त्यांचा हात येतो, एकदा "इकडे मार" असा आवाज येतो, तेवढंच. पाठवणीच्या वेळी माझी बायको रडत रडत टक लावून कॅमेऱ्याकडे बघते आहे. इतक्या वर्षांनी मला समजलं की ती कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती.

दुकानदार भला माणूस. कॅसेट मागे घेऊन म्हणाला, "वैनी, मंगलाष्टकाच्या मधात ते जाहिरात घुसली हाय. मी फुकटात काढून देतो."

पडद्यावर तेव्हा रहीमभाई रजई खोचत होते. माझ्या बायकोने डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "ते राहू द्या, भाऊ. बाकीचं कापलं तरी चालन."