उजवा पाय

"तुमच्या लोकांना कातडी ओढायची सवय. केसांचं काम तुम्हाला कसं जमंल?"

हे वाक्य काल्हेर गावातल्या एका बंगल्यात, मुलाच्या हळदीच्या सकाळी, घरच्या मालकिणीने उच्चारले. उच्चारले तेव्हा तिचा डावा पाय माझ्या मांडीवर होता. दारात जमलेल्या बायका हसल्या. एकीने हसताना तोंडाला पदर लावला. म्हणजे हसू नये हे तिला कळत होते. कळून हसली.

वाक्याचा अर्थ सांगते. माझे आजोबा गावातली मेलेली जनावरे ओढून नेत आणि सोलत. गावानेच नेमलेले काम, आणि त्या कामाबद्दल गावानेच त्यांना वेशीबाहेर ठेवले. मालकिणीने पहिल्या दिवशी माझे आडनाव विचारले होते. नाव विचारले नव्हते. आडनावावरून तिला आजोबांपर्यंत पोचता आले. माझ्यापर्यंत यायची गरज वाटली नाही. त्या घरात मी 'पार्लरवाली'.

आता घडले ते क्रमाने सांगते.

मी डी.एड. आहे. शाळा मिळाली नाही, म्हणून पार्लरचा कोर्स केला. पिशवीत वॅक्सचा हीटर, पट्ट्या, पावडर घेऊन घरोघरी जाते. या धंद्यात पाटी नसते; एक बाई दुसरीला सांगते, तेवढीच जाहिरात. त्या सकाळी दारात उभ्या असलेल्या बहुतेक बायका माझ्याच गिऱ्हाईक होत्या. हिचा हात वाईट, एवढे तीन शब्द त्यांच्यात फिरले असते, तर माझी पिशवी खुंटीला लागली असती.

मालकिणीच्या दोन्ही पोटऱ्यांवर शिरा फुगलेल्या होत्या. निळ्या, हिरवट, वेड्यावाकड्या. गुडघ्यामागे तर गाठींचा गुंता. हा आजार पुष्कळ बायकांना असतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही. अशा शिरेवर पट्टी ओढायची नाही, तेवढी जागा सोडायची, हे मी तिला पहिल्याच वेळी सांगितले होते. डॉक्टरांना दाखवा, असेही सांगितले होते.

"डॉक्टर न्हाय नि कोन न्हाय," ती म्हणाली होती. "तू फक्त गप ऱ्हा. माझ्या नणंदेला कळलं तर गावभर करील."

मी गप्प राहिले. ती दाराला कडी लावी, पडदे ओढून घेई आणि मग पाय बाहेर काढी. तीन मजली बंगला, मागे गोदामांची रांग, आणि स्वतःच्या दोन पायांना माझे म्हणण्याएवढी जागा तिला त्यात सापडली नव्हती.

हळदीच्या सकाळी कडी नीट बसली नाही. शेलार गावी दिलेली तिची नणंद हातात साडी घेऊन थेट आत आली.

"वहिनी, ही हिरवी नेसू का गं... अगं बाय! पायाला काय झालं? निळंनिळं दिसतंय!"

मालकिणीने माझ्याकडे पाहिले. क्षणभरच. माणूस फडके शोधताना जसा इकडेतिकडे पाहतो, तसे.

"हिनं केलं," ती म्हणाली. "हिचा हात लागला नि ह्ये झालं."

"रगत साकळलंय वाटतं," नणंद म्हणाली. तिच्या आवाजाने बाकीच्या गोळा झाल्या. मग कातडीचे ते वाक्य आले. मग हसणे. आणि मग मालकिणीचा आवाज चढला.

"पाय धर माझं! सगळ्यांसमोर माफी माग, मगच ऊठ."

पाय धर. या दोन शब्दांपाशी मी थांबले.

सातवीत असताना मराठीच्या पेपरात प्रश्न होता : पुढील वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. पाय धरणे. त्याच आठवड्यात बाबांना कापडाच्या लूम कारखान्यातून काढले होते आणि आईने शेठचे पाय धरले होते. मी शेजारी उभी होते. मी लिहिले : विनंती करणे. आईने शेठचे पाय धरले. सरांनी माझा पेपर वर्गात मोठ्याने वाचला. "अर्थ चुकलाय," ते म्हणाले, "उदाहरण मात्र अगदी घरचं दिलंय!" वर्ग हसला. सरांनी लाल शाईने बरोबर अर्थ लिहून दिला : गयावया करणे. मी मान खाली घालून तो पाठ केला. चूक माझ्या उत्तरात आहे, असे मी कितीतरी वर्षे समजत राहिले.

काल्हेरच्या त्या खोलीत तेच हसू मला पुन्हा ऐकू आले. मान तेवढी खाली गेली नाही.

"काकी, पाय मघापासून धरलेलाच आहे," मी म्हणाले. "माफी कशाची, ते आधी ठरवू. हा डावा. याला माझा हात लागलाय. उजव्याला आज अजून लागलेला नाही. तो दाखवा."

तिने गाऊन घोट्यापर्यंत ओढला आणि उजवा पाय पोटाशी घेतला.

"दाखव ना वहिनी," नणंद म्हणाली. "हिचं खोटं तरी कळंल."

"एसी लय हाय. थंडी वाजते मला."

एसी बंद होता. नणंदेने एसीकडे पाहिले, मग वहिनीच्या गाऊनकडे. हिरवी साडी छातीशी धरून ती दोन पावले मागे सरली. आता कोणी हसत नव्हते. कोणी माझ्याकडे पाहतही नव्हते.

मला तो गाऊन वर करता आला असता. केला नाही. दया आली म्हणून नव्हे. तिचे पाय होते, दाखवायचे धैर्यही तिचेच हवे होते. ते नव्हते. बायका एकेक करून निघून गेल्या.

मालकीण सावरून बसली. "बरं, झालं ते झालं," ती म्हणाली. "कडी लाव. दुसरा पाय कर चटकन, पावणे यायचेत."

माफीचा शब्द नाही. त्याची जागा रिकामी राहिली आहे, हे तिच्या लक्षातही आले नाही.

मी हीटर बंद केला. डाव्या पायाला तेल लावून चिकट जागा पुसून काढली, कारण हाती घेतलेले काम मी अर्धवट सोडत नाही. उजवा मी हाती घेतलेलाच नव्हता. पट्ट्या गुंडाळल्या, पिशवीची चेन लावली.

"अगं, उजवा राहिला!"

"हो काकी. राहिला."

"या गल्लीत तुझं काम बंद करीन!"

तिने ते केले. त्या ओळीतली दारे मला बंद झाली. अर्धा पाय टाकून पळाली, असे ती माझ्याबद्दल सांगते. दोन दुरुस्त्या आहेत. अर्धा नव्हे, एक. आणि पळाले नाही, जिन्याने उतरले.

आता मी नव्या घरी गेले की आधी माझे नाव सांगते, आणि तेच नाव वापरायला सांगते. ज्यांना जमत नाही, त्यांच्याकडे पिशवी उघडत नाही. आणि तो जुना प्रश्न मी पुन्हा सोडवला आहे. तपासायला कोणाकडे देणार नाही.

पाय धरणे : कामासाठी दुसऱ्याचा पाय हातात घेणे.

वाक्यात उपयोग : मी पाय धरते, आणि सोडायचा केव्हा, ते मी ठरवते.